बसगाडीचे बाह्यांग आणि जाहिरात : मुंबईच्या संदर्भात एक विचार

सार्वजनिक बसगाड्यांच्या बाहेरील अंगावर जाहिराती लावू द्याव्यात किंवा नाही, हा प्रश्न सकृद्दर्शनी किरकोळ वाटतो. परिवहनसंस्थेच्या अर्थसंकल्पात तो ‘इतर उत्पन्न’ या शीर्षाखाली एखाद्या ओळीत उरकला जातो आणि नगरशास्त्राच्या ग्रंथांत त्याला फार तर एखादी तळटीप मिळते. परंतु सार्वजनिक मालमत्तेचा विनियोग कोणत्या हेतूने करावा, रस्त्यावरील माणसाच्या दृष्टीवर कोणाचा अधिकार चालावा आणि लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने व्यापारी मजकुराची निवड कोणत्या कसोटीवर करावी, असे अर्थशास्त्र, विधिशास्त्र आणि लोकप्रशासन या तिन्ही शास्त्रांच्या कक्षेत येणारे प्रश्न येथे एकाच पत्र्यावर येऊन चिकटतात. मुंबईच्या बेस्ट उपक्रमाचा इतिहास आणि घोडपदेवसारखी दाट वस्ती डोळ्यांसमोर ठेवली म्हणजे त्या प्रश्नाचे खरे स्वरूप स्पष्ट होऊ लागते.

या विषयावर नेहमी दोन पक्ष मांडले जातात. एक पक्ष म्हणतो की, बसचा पत्रा नाही तरी रिकामाच धावत असतो. त्यावर चार पैसे मिळाले तर तिकिटाचा दर तेवढा कमी राखता येईल. दुसरा पक्ष म्हणतो की, शहराच्या भिंती, पूल, खांब आणि गच्च्या जाहिरातींनी आधीच व्यापल्या आहेत. निदान लोकांच्या मालकीचे वाहन तरी त्यांतून सुटावे. पहिला पक्ष हिशेबी आहे, दुसरा सौंदर्यवादी. परंतु दोघांच्याही युक्तिवादाच्या मुळाशी एक समान गृहीत आहे, ते असे की, बसचे बाह्यांग ही एक कोरी जागा आहे. हे गृहीतच तपासून पाहण्याजोगे आहे.

घोडपदेव हा भाग भायखळ्याच्या पूर्वेस, माझगाव आणि काळाचौकी यांच्या दरम्यान वसलेला आहे. एका बाजूस मध्य रेल्वेचे भायखळा स्थानक, दुसऱ्या बाजूस हार्बर मार्गावरील रे रोड आणि कॉटन ग्रीन ही स्थानके, आणि त्यापलीकडे गोदीचा पट्टा. कुर्ला ते रे रोड हा हार्बर मार्गाचा आरंभीचा टप्पा १९१० मध्ये सुरू झाला, तेव्हापासून या वस्तीला रेल्वे जवळ आहे. पण जवळ असणे आणि दारात असणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर पायी किंवा बसने तोडावे लागते. गिरणी, गोदी आणि रेल्वेचे कारखाने यांत काम करणाऱ्या कुटुंबांच्या चाळी, पुढे त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती, रामभाऊ भोगले मार्गावरील न्यू हिंद गिरणीच्या जमिनीवर गिरणी कामगारांसाठी बांधलेली घरे, अशी या भागाची घडण आहे. येथील रस्ते रुंद नाहीत. चाळीच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेच्या टप्प्यातून बस जाते ती काही हातांच्या अंतरावरून जाते. मरीन ड्राइव्हवर समुद्राच्या पार्श्वभूमीवर धावणारी बस आणि येथे दोन भिंतींच्या मधून वाट काढणारी बस, यांच्या बाह्यांगाचा पाहणाऱ्यावर होणारा परिणाम सारखा असू शकत नाही.

अशा ठिकाणी थांब्यावर उभा असलेला उतारू प्रथम काय पाहतो? तो रंग पाहतो. लांबून तांबडा आकार दिसला म्हणजे ती बेस्टची बस हे त्याला कळते. खाजगी कंपनीची, शाळेची किंवा पर्यटकांची गाडी नव्हे. नंतर तो मार्गक्रमांक पाहतो. बेस्टने दीर्घकाळ पाळलेली पद्धत अशी की, पुढच्या पाटीवर क्रमांक आणि गंतव्यस्थान देवनागरीत असावे, आणि बाजूच्या पाटीवर इंग्रजीत. मर्यादित थांब्यांच्या गाड्यांचे क्रमांक निराळ्या रंगात दाखविण्याचीही रीत होती, त्यामुळे अक्षरओळख बेताची असलेल्या माणसालाही ‘ही आपल्या थांब्यावर थांबणार नाही’ एवढे रंगावरून उमगत असे. गिरणीची पाळी गाठावयाची असलेल्या कामगाराला ही चिन्हभाषा वर्तमानपत्रापेक्षा अधिक उपयोगाची होती. शिवाय गाडीवर उपक्रमाचे बोधचिन्ह असते, आगाराची व गाडीच्या क्रमांकाची नोंद असते, आणीबाणीच्या दाराची खूण असते. तात्पर्य, बसचे बाह्यांग कोरे नाही. ते आधीच मजकुराने भरलेले आहे आणि तो मजकूर उतारूच्या कामाचा आहे. जाहिरातीस जागा द्यावयाची ती या मजकुरातून उरलेली द्यावयाची, की या मजकुरावर पांघरूण घालून द्यावयाची, हा खरा प्रश्न होय.

इतिहासाची साक्ष येथे उपयोगी पडते. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली. विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी. बससेवेचा आरंभ १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर झाला आणि दुमजली बस १९३७ मध्ये आली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी ही सेवा महानगरपालिकेच्या मालकीची झाली. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला गेली. या दीर्घ काळात जाहिरात ही सार्वजनिक वाहनावर आगंतुकासारखी कधी आलीच नाही; ट्रामच्या आणि जुन्या दुमजली बसगाड्यांच्या छायाचित्रांत दोन मजल्यांमधील आडव्या पट्ट्यावर जाहिरातीच्या पाट्या दिसतात. म्हणजे ‘परवानगी द्यावी काय’ या प्रश्नाचे उत्तर मुंबईने व्यवहारात फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. त्या काळची जाहिरात पाटीवर असे, आणि पाटीला कडा असत. तिच्या भोवती गाडीचा रंग शिल्लक राहत असे. क्रमांक, खिडक्या आणि बोधचिन्ह यांना तिचा स्पर्श होत नसे. मर्यादा कोणी तत्त्व म्हणून ठरविली होती असे नव्हे. लाकडाच्या आणि पत्र्याच्या पाटीला ती मर्यादा स्वभावतःच होती.

या मर्यादित जागेनेही शहराच्या स्मृतीत आपले स्थान मिळविले, हे मान्य केले पाहिजे. १९६६-६७ च्या सुमारास सिल्व्हेस्टर डा’कुन्हा आणि यूस्टेस फर्नांडिस यांनी घडविलेली अमूल लोण्याची मुलगी मुंबईकरांना प्रथम भेटली ती दिव्यांच्या खांबांवरील पेट्या आणि बसशी निगडित जागा यांवरून. त्याच दशकात कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण भिंतींवर आणि वाहनांवर झळकू लागला. एक व्यापारी, एक शासकीय. दोन्ही जाहिराती हलत्या फलकाचे सामर्थ्य ओळखून केलेल्या होत्या. स्थिर फलकाकडे माणसाला जावे लागते. हलता फलक माणसाकडे येतो. वर्तमानपत्र विकत न घेणाऱ्याच्याही दारात तो पोहोचतो. म्हणून जाहिरात ही सर्वस्वी उपद्रवच, अशी भूमिका घेणे इतिहासाशी प्रामाणिकपणाचे ठरणार नाही.

मर्यादा मोडली ती तंत्राच्या बदलाने. चिकटणाऱ्या व्हिनाइलच्या पातळ थरावर हवे ते चित्र छापून संपूर्ण गाडी त्यात गुंडाळता येऊ लागली, तेव्हा पाटीच्या कडा नाहीशा झाल्या. खिडक्यांवर बारीक छिद्रांचा थर लावतात. बाहेरून तो सलग चित्रासारखा दिसतो आणि आतून थोडेफार बाहेरचे दिसते. दिवसाच्या उजेडात ही सोय निभावून जाते. मुंबईच्या पावसाळ्यात मात्र छिद्रांत पाणी साचले आणि संध्याकाळचा उजेड मंदावला, की आतल्या उतारूला आपला थांबा ओळखणे कठीण होते. बाहेरच्या माणसाला आत काय चालले आहे ते दिसत नाही, ही त्याहून गंभीर गोष्ट. केंद्रीय मोटारवाहन नियम, १९८९ मधील शंभराव्या नियमाने पुढच्या व मागच्या काचांतून किमान सत्तर टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान पन्नास टक्के प्रकाश पार जावा, असे ठरविले होते. २७ एप्रिल २०१२ रोजी अविषेक गोयंका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काचांवर काळ्या पडद्याचा थर लावण्यास मनाई केली, ती या नियमाच्या आधारे आणि वाहनाच्या आत घडणारे गुन्हे बाहेरून दिसले पाहिजेत या कारणाने. खाजगी मोटारीच्या काचेविषयी जी दक्षता घेतली गेली, ती साठ माणसे वाहणाऱ्या सार्वजनिक गाडीच्या काचेविषयी सैल का असावी, याचे समाधानकारक उत्तर जाहिरातदारांच्या बाजूने देता येत नाही.

आता उत्पन्नाचा विचार. या व्यवहाराची रीत साधारणपणे अशी असते : परिवहनसंस्था निविदा मागविते, सर्वाधिक रक्कम देऊ करणाऱ्या जाहिरात-कंपनीस ठराविक वर्षांसाठी, ठराविक संख्येच्या गाड्यांवरील जागेचा हक्क मिळतो, ती कंपनी पुढे ही जागा तुकड्यातुकड्यांनी जाहिरातदारांस विकते. संस्थेला ठोक रक्कम मिळते, विक्रीची दगदग वाचते. परंतु ठोक रक्कम दिल्यावर प्रत्येक अधिक चौरस फूट हा कंपनीचा निव्वळ नफा असतो. पाटीच्या कडा हळूहळू पसरत जाण्याचे आर्थिक कारण येथे आहे. त्यासाठी कोणाच्या रसिकतेला दोष देण्याचे प्रयोजन नाही. करारात क्षेत्रफळ नेमके लिहिलेले नसेल तर जाहिरात खिडकीवर चढणारच.

या उत्पन्नाचे प्रमाण किती, हे समजण्यासाठी केवळ हिशेबाच्या सोयीकरिता काही आकडे कल्पून पाहता येतील. एका गाडीवरील जाहिरातीपासून महिन्याला १२,००० रुपये मिळतात आणि ती गाडी महिन्याचे २६ दिवस रोज १५० किलोमीटर धावते, असे धरल्यास ३,९०० किलोमीटरमागे १२,००० रुपये, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे तीन रुपये पडतात. गाडी चालविण्याचा खर्च किलोमीटरमागे शंभर रुपये धरला तर जाहिरातीने खर्चाचा तेहेतिसावा भाग भागतो. आकडे बदलले तरी श्रेणी फारशी बदलत नाही. जाहिरातीचे उत्पन्न हे तिकिटाला किंवा अनुदानाला पर्याय नव्हे, हे यावरून दिसते. प्रत्यक्षातही तसेच झाले. बेस्टच्या परिवहन विभागाची तूट अनेक वर्षे विद्युत् विभागाच्या उत्पन्नातून भरून निघत असे; विद्युत् अधिनियम, २००३ नंतर ती वाट अरुंद होत गेली आणि उपक्रमाला महापालिकेच्या साहाय्याकडे वळावे लागले. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आणले गेले, ते महापालिकेच्या आधारावर. आणि ९ मे २०२५ पासून ते दहा रुपये, वातानुकूलित गाडीत बारा रुपये, असे वाढविले गेले. या चढउतारांत जाहिरातींचा वाटा निर्णायक नव्हता. ‘जाहिरातीमुळे तिकीट स्वस्त राहते’ हे विधान त्यामुळे अर्धसत्य मानावे लागते. पैसा मिळतो हे खरे. पण शहराचे रूप आणि उतारूची सोय गहाण ठेवावी इतका तो नसतो.

शिवाय जाहिरातदाराचे हित आणि उतारूचे हित एकाच दिशेने वाहत नाहीत. उतारूला गाडी लौकर पोहोचावी असे वाटते. जाहिरातदाराच्या दृष्टीने वाहनांच्या गर्दीत अडकून राहिलेली गाडी हीच अधिक मोलाची, कारण तेवढा वेळ तिच्याकडे पाहणारे डोळे अधिक. त्याचप्रमाणे क्रयशक्ती असलेल्या वस्तीतून जाणारा मार्ग त्याला हवा असतो. घोडपदेवच्या गल्ल्यांतून जाणाऱ्या मार्गाचे त्याला अप्रूप नसते. मार्गांची आखणी आणि गाड्यांचे आगारवार वाटप या निर्णयांत जाहिरातीच्या उत्पन्नाने शिरकाव करता कामा नये, ही सावधगिरी म्हणूनच आवश्यक ठरते. नव्या, चकचकीत गाड्या कोणत्या आगाराला द्यावयाच्या, हा प्रश्न जाहिरात-कंपनीच्या सोयीने सुटू लागला, तर ज्या वस्तीला बसची खरी गरज आहे तिच्या वाट्याला जुनी गाडी येईल.

विधिशास्त्राच्या दृष्टीने पाहणाऱ्याची बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९४९ मध्ये रेल्वे एक्स्प्रेस एजन्सी विरुद्ध न्यूयॉर्क हा खटला आला. शहराच्या नियमाने वाहनांच्या अंगावर दुसऱ्याची जाहिरात भाड्याने लावण्यास बंदी होती, मात्र स्वतःच्या धंद्याचे नाव स्वतःच्या गाडीवर लिहिण्यास मोकळीक होती. हा भेद अन्याय्य आहे, असा कंपनीचा दावा होता. न्यायालयाने नियम उचलून धरला. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी स्वतंत्र निकालपत्रात असा विचार मांडला की, स्वतःसाठी एखादी गोष्ट करणे आणि तीच गोष्ट भाडे घेऊन दुसऱ्यासाठी करणे, यांत कायद्याने भेद करणे गैर नाही. सार्वजनिक बसला हा भेद विशेष लागू पडतो. ‘मार्गक्रमांक अमुक, घोडपदेव’ असे सांगणारी पाटी हे बसचे स्वतःचे बोलणे. साबणाची जाहिरात हे भाड्याचे बोलणे.

पुढे १९७४ मध्ये लेमन विरुद्ध शेकर हाइट्स या खटल्यात, नगरपालिकेच्या वाहनांत व्यापारी जाहिराती घेऊन राजकीय जाहिराती नाकारता येतील काय, हा प्रश्न आला. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने ‘नाकारता येतील’ असे ठरविले. गाडीत बसलेला उतारू हा बंदिस्त श्रोता असतो, त्याला तोंड फिरविण्याची सोय नसते, हा त्यातील एक महत्त्वाचा मुद्दा होता. ते प्रकरण गाडीच्या आतील फलकांचे होते. बाहेरील जाहिरातीच्या बाबतीत ही बंदिस्ती उतारूकडून रस्त्यावरच्या माणसाकडे सरकते. उतारू निदान तिकीट काढून आलेला असतो, आणि जाहिरातीच्या उत्पन्नाचा अल्पसा लाभ त्याला मिळतो असे म्हणता येते. गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई किंवा शाळेत जाणारे पोर यांनी कोणताही सौदा केलेला नसतो. रस्ता अरुंद असेल तेथे त्यांची बंदिस्ती अधिक.

भारतात जाहिरातीच्या स्वातंत्र्याविषयीचा न्यायालयीन विचार दोन टप्प्यांत झाला. हमदर्द दवाखाना खटल्यात १९५९ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने, निव्वळ व्यापारी स्वरूपाच्या जाहिरातीस अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, अशी भूमिका घेतली. विषय होता औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा १९५४ चा अधिनियम. १९९५ मध्ये टाटा प्रेस विरुद्ध महानगर टेलिफोन निगम या मुंबईतील प्रकरणात न्यायालयाने व्यापारी अभिव्यक्तीही संविधानाच्या १९ (१) (क) या कलमात येते असे सांगितले. यावरून जाहिरातदाराला बोलण्याचा अधिकार आहे असे निष्पन्न होते. बसच्या पत्र्यावरच बोलण्याचा अधिकार आहे असे मात्र होत नाही. जागा देणे न देणे हे जागेच्या मालकाच्या हाती आहे. पण मालक सार्वजनिक संस्था असल्यामुळे, एकदा जागा देऊ केली की एकास द्यावी आणि दुसऱ्यास कारणावाचून नाकारावी, हे तिला संविधानाच्या समतेच्या तत्त्वामुळे करता येत नाही.

येथून परिवहनसंस्था नकळत परीक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसते. लंडनचे उदाहरण बोलके आहे. २०१२ मध्ये एका धार्मिक संघटनेची वादग्रस्त जाहिरात तेथील बसगाड्यांवर येण्यापूर्वीच रोखण्यात आली. २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने जाहिरात नाकारण्याचा निर्णय कायदेशीर ठरविला, परंतु तो ज्या पद्धतीने घेतला गेला ती न्याय्य नव्हती, असेही सुनावले. याच्या उलट, २५ फेब्रुवारी २०१९ पासून लंडनच्या वाहतूकसंस्थेने चरबी, मीठ आणि साखर अधिक असलेल्या खाद्यपदार्थांच्या जाहिराती आपल्या सर्व जागांवर बंद केल्या, त्या आगाऊ जाहीर केलेल्या धोरणानुसार. पहिल्या प्रकरणात मजकूर पाहून निर्णय झाला, दुसऱ्यात नियम पाहून. सार्वजनिक संस्थेला शोभणारी रीत दुसरी होय.

मुंबईच्या संदर्भात या नियमाची सर्वांत कठोर परीक्षा तंबाखूच्या बाबतीत होते. सिगारेट व इतर तंबाखूजन्य पदार्थांविषयीच्या २००३ च्या अधिनियमाने अशा पदार्थांची जाहिरात निषिद्ध केली. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तथापि निषिद्ध पदार्थाचेच नाव, तेच वेष्टन आणि तोच रंग घेऊन ‘वेलची’ किंवा ‘माउथ फ्रेशनर’ म्हणून पुढे येणारी छद्म जाहिरात ही देशभरची व्याधी आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये प्रसृत केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशा छद्म जाहिरातींनाही मनाई केली. ज्या वस्तीत तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण परळच्या टाटा रुग्णालयात बसने नेला जातो, त्या वस्तीच्या बसवर असल्या वेलचीचे चित्र असणे हा केवळ कायद्याचा प्रश्न राहत नाही. निवडणुकीच्या काळातील नियम त्या मानाने सोपे आहेत : आचारसंहिता लागू झाल्यावर शासकीय बसगाड्यांसह सार्वजनिक जागांवरील अनधिकृत राजकीय मजकूर ४८ तासांत काढावा, असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे, आणि त्याची अंमलबजावणी सर्वांना डोळ्यांनी पाहता येते.

परवाना कोणी द्यावयाचा आणि तपासणी कोणी करावयाची, हाही विषय दुर्लक्षून चालत नाही. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडानगरात वादळी वाऱ्यात एक प्रचंड फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि सतरा माणसे मृत्यू पावली. महापालिकेच्या नियमाने ४० फूट × ४० फूट ही कमाल मर्यादा असताना तो फलक सुमारे १२० फूट × १२० फूट होता. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातील, आणि परवानगीचा अधिकार कोणाचा यावर दोन सार्वजनिक यंत्रणांचे मतभेद. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधील ३२८ आणि ३२८-क ही कलमे आकाशचिन्हे व जाहिराती यांसाठी आहेत. परंतु त्यांची रचना स्थिर जागा डोळ्यांसमोर ठेवून झालेली आहे. बसवरील जाहिरात कोसळून कोणी मरणार नाही हे खरे. तरी आपणच मालक, आपणच परवाना देणारे आणि आपणच उत्पन्न घेणारे, अशी तिहेरी भूमिका एकाच संस्थेकडे असली की तपासणी ढिली पडते, एवढा धडा त्या दुर्घटनेतून बसलाही लागू आहे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर दीर्घकाळ निर्वाचित बेस्ट समितीच अस्तित्वात नव्हती. या काळात जाहिरातीचे धोरण लोकप्रतिनिधींच्या चर्चेत येण्याचा मार्गच बंद होता.

परंतु या सर्वांहून महत्त्वाचा मुद्दा अलीकडच्या काळात निर्माण झाला आहे आणि त्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. २०१९ नंतर बेस्टने भाडेतत्त्वावरील बसगाड्यांचा मार्ग मोठ्या प्रमाणावर स्वीकारला. या पद्धतीत गाडी कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा, देखभाल कंत्राटदाराची. उपक्रम किलोमीटरप्रमाणे मोबदला देतो आणि तिकिटाचे पैसे स्वतःकडे ठेवतो. २०१० च्या सुमारास चार हजारांहून अधिक असलेला बेस्टचा ताफा पुढे घटत गेला आणि त्यातील स्वमालकीच्या गाड्या तर २०२४ च्या अखेरीस हजाराच्या आसपास उरल्या. उतारूच्या दृष्टीने या घडामोडींचा अर्थ काय? तो हात करतो तो तांबड्या रंगाला आणि त्यावरच्या बोधचिन्हाला. गाडी कोणाची, चालकाला पगार कोण देतो, हे त्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. रंग त्याला सांगतो की, या गाडीबद्दल बेस्ट उत्तरदायी आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ला येथे भाडेतत्त्वावरील विजेच्या बसने माणसांना चिरडले तेव्हा गाडी कंत्राटदाराची होती. परंतु लोकांनी जाब विचारला तो बेस्टला, आणि तो योग्यच होता. सार्वजनिक सेवेतील मालकी आणि चाकरी बाहेर गेल्यावर तिचे सार्वजनिकत्व दाखविणारी जी थोडी चिन्हे शिल्लक राहतात त्यांत रंग हे प्रमुख होय. तो रंगच संपूर्ण गुंडाळीच्या जाहिरातीखाली गेला, तर रस्त्यावर उरते ती एका मोबाइल कंपनीच्या किंवा गृहप्रकल्पाच्या नावाची धावती पेटी. तिने धक्का दिला तर तक्रार कोठे करावयाची, हे तिच्या अंगावर शोधावे लागेल.

म्हणून बाह्यांगावरील जाहिरातीस मनाई करण्याचे कारण नाही, परंतु संपूर्ण गुंडाळीस मनाई करण्याचे सबळ कारण आहे. पुढची बाजू, सर्व काचा, दारे, मार्गक्रमांकाच्या पाट्या, बोधचिन्ह, गाडीचा क्रमांक आणि आणीबाणीचे दार ही कोणत्याही किमतीस विक्रीयोग्य नसावीत. खिडक्यांच्या खालचा पट्टा आणि मागील बाजूचा काचेखालील भाग जाहिरातीस द्यावा, आणि तेथेही मूळ रंगाची कड स्पष्ट राहावी. क्षेत्रफळ करारात चौरस फुटांत लिहावे व गाडीवर त्याची आखणी रंगाने केलेली असावी, म्हणजे अतिक्रमण झाले तर ते वाहकालाही दिसेल. भाडेतत्त्वावरील गाडीच्या बाबतीत बाह्यांगाचा हक्क उपक्रमाचाच आहे, हे गाडीच्या मूळ करारात नमूद असावे; अन्यथा किलोमीटरचा दर पाडून मागणारा कंत्राटदार ती तूट पत्र्यावरून वसूल करू पाहील. हलती चित्रे दाखविणारे पडदे बाहेरील बाजूस मुळीच नसावेत. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचे लक्ष क्षणभर विचलित होणे या शहराच्या रस्त्यांवर परवडणारे नाही. निषिद्ध प्रकारांची यादी आगाऊ प्रसिद्ध करावी आणि जाहिरातीपासूनचे उत्पन्न वार्षिक हिशेबात स्वतंत्र दाखवावे. या अटींमुळे निविदेची रक्कम काहीशी उतरेल, हे गृहीत धरले पाहिजे. वरील कल्पित हिशेबातील तीन रुपयांचे दोन झाले, तर शंभरातील एका रुपयासाठी काचा मोकळ्या राहतील.

एक गोष्ट राहते, ती लहान जाहिरातदाराची. ठोक निविदेच्या पद्धतीत बसचा पत्रा मोठ्या कंपन्यांच्याच आवाक्यात राहतो. घोडपदेव, काळाचौकी, लालबाग, परळ या पट्ट्यात बसच्या मागच्या बाजूएवढ्या जागेचा उपयोग करू शकतील असे धंदे आणि संस्था पुष्कळ आहेत : खानावळी, शिकवणीचे वर्ग, पतपेढ्या, नाटकमंडळ्या, वाचनालये, दवाखाने. त्यांना शहरभर नाव नको असते. आपल्या आगारातून सुटणाऱ्या चार गाड्यांवर महिनाभर जागा मिळाली तरी त्यांचे काम होते. जुन्या पाटीच्या पद्धतीत हे शक्य होते, कारण पाटी लहान होती आणि ती एका स्क्रूड्रायव्हरने काढता-लावता येत असे. आगाराच्या पातळीवर काही गाड्यांच्या मागच्या पाट्या ठोक निविदेतून वगळून, ठरीव दराने आणि अर्जाच्या क्रमाने स्थानिक मंडळींस देण्याचा प्रयोग करून पाहण्यास हरकत नाही. दराचा तक्ता आगाराच्या चौकशी-खिडकीवर मराठीत लावावा, आणि एका अर्जदारास सलग दोन महिन्यांहून अधिक काळ जागा देऊ नये, म्हणजे गणेशोत्सवाच्या आधीच्या महिन्यात सगळ्या पाट्या एकाच गृहबांधणी कंपनीने अडविल्या असे होणार नाही.